चारची रेघ

माझे वडील आयुष्यात माझ्याशी सगळ्यात जास्त भांडले ते एका रेघेवरून. घड्याळाच्या तबकडीवरची, चार वाजताची रेघ. ती बाकीच्यांपेक्षा किंचित लांब काढायची की नाही, यावर आम्ही बापलेकींनी अडीच महिन्यांचे रविवार घालवले. आणि घड्याळ आमचं नव्हतंच. ते सफाळ्याच्या एका भातगिरणीवाल्या शेठचं होतं.

बाबांचं पालघरला स्टेशनजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. एका शिंप्याच्या भिंतीला टेकलेला गाळा. पुढे काचेचं कपाट, मागे बाबा आणि त्यांच्या डोळ्यात अडकवलेलं भिंग. तरुणपणी ते मुंबईत एका उस्तादांच्या हाताखाली हे काम शिकले होते. गावात बहुतेकांची घड्याळं साधी असत, आणि ती बाबा विनातक्रार दुरुस्त करत. पण वर्षातून एकदा, नवरात्राच्या सुमाराला, गिरणीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी सफाळ्याचे शेठ यायचे आणि रुमालातून ते घड्याळ काढून काचेवर ठेवायचे. त्या दिवशी बाबा घरून जेवणाचा डबा उशिरा पाठवा म्हणून सांगायचे.

घड्याळ स्विस होतं, सोन्याचं, चपटं. शेठच्या वडिलांनी मुंबईहून आणलेलं. तबकडी दुधाच्या सायीसारखी पिवळसर. वर फक्त बाराचा आकडा, बाकी सगळीकडे बारीक रेघा, आणि सहाच्या जागी सेकंदाचं इवलंसं वर्तुळ. बाबा म्हणायचे, यातलं काही काढता येणार नाही आणि यात काही घालताही येणार नाही. मी शाळेत असल्यापासून हे वाक्य ऐकत आले.

तारापूरला वीज प्रकल्पाचं काम चालू असताना तिथे परदेशी इंजिनिअर असायचे. त्यातला एक जण एकदा दुकानात आला. त्याच्या घड्याळाची चावी अडकली होती. घड्याळ त्याच कंपनीचं निघालं, पण नवं. योगायोगानं शेठचंही तेव्हा दुरुस्तीला आलेलं होतं. मी डबा घेऊन गेले तर बाबांनी दोन्ही घड्याळं शेजारीशेजारी मांडून ठेवलेली.

"बघ," म्हणाले, "तीच कंपनी, मध्ये तीसेक वर्षं गेली. याला तारखेची खिडकी पाडली, सेकंदकाटा मधे आणला, पोट सुटलं. पण पट्टा जिथे अडकतो ते चार पाय बघ. त्यांचा बाक तोच आहे. कंपनीला कळतं कुठे हात लावायचा नाही ते."

मला भूक लागली होती. मी मान हलवली आणि डबा उघडला.

शेठना मात्र कुठे हात लावायचा नाही हे कधी कळलं नाही. माणूस उमदा होता, दिलदार होता, पण त्याला नव्याची खाज होती. बोईसरला कारखाने आले, प्रकल्पाची वसाहत वाढली, आणि लोकांच्या मनगटांवर निळ्या, हिरव्या, चॉकलेटी तबकड्यांची जाडजूड घड्याळं दिसू लागली. शेठ दर वर्षी काहीतरी नवीन मागणी घेऊन यायचे.

"भाऊ, याला जरा रेडियम लावून द्या ना. अंधारात कायच दिसत नाय."

"शेठ, अंधारात हे घड्याळ बघायचं नसतं."

"मग तारीख तरी टाका."

"तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते."

असं चार-पाच वर्षं चाललं. बाबा लोकांना नाही म्हणण्यात फार कच्चे होते. कोणाला दुखवायचं नाही म्हणून फुकट कामं करायचे. पण या एका बाबतीत ते अडून बसायचे, आणि वर अर्धा तास भाषण द्यायचे. शेवटी शेठ कंटाळले आणि घड्याळ घेऊन मुंबईला कोणाकडे तरी गेले. पुढच्या नवरात्रात त्यांनी रुमाल उघडला तर आत निळीभोर तबकडी. वर एक ते बारा सगळे आकडे, पांढरे, ठसठशीत. काटे रुंद, हिरवट रेडियमचे.

"कसं हाय?" शेठनी विचारलं.

बाबांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. "जुने काटे कुठायत?"

"ते त्यानंच ठेवून घेतले. आमी नाय मागितले."

बाबांनी घड्याळ साफ करून, तेल घालून परत दिलं. पण त्या दिवशी घरी आल्यावर ते जेवले नाहीत. आई म्हणाली, "कोण गेलं?" मी म्हटलं, "शेठच्या घड्याळाची तबकडी." आईनं ताट झाकून ठेवलं आणि ती शेजारी निघून गेली. तिलाही तोवर वीट आला होता.

नंतर मी बोईसरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात लागले. ट्रेसर म्हणून. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेली यंत्राच्या भागांची चित्रं ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं उतरवायची. रेघेची जाडी ठरलेली, अक्षराची उंची ठरलेली. काही बदल झाला की जुनी रेघ ब्लेडनं खरवडायची, नवी काढायची, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत रिव्हिजनचं अक्षर पुढे सरकवायचं. ए, बी, सी. मला हे काम आवडायचं, कारण त्यात कोणाचं प्रेम अडकलेलं नसायचं. भाग बदलला, चित्र बदललं, विषय संपला.

लग्न होऊन मी बोईसरलाच राहायला गेले. शेठनी मधल्या काळात बटणं दाबायचं, आकडे चमकवणारं घड्याळ घेतलं आणि सोन्याचं घड्याळ कपाटात टाकलं. बाबांची नवरात्रातली ती भेट बंद झाली. मला वाटलं, सुटलो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला शेठच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरा मुलगा तारापूरच्या प्रकल्पावर इंजिनिअर, शांत, चष्मेवाला. शेठना मुलीच्या आजोबांचं घड्याळ जावयाला द्यायचं होतं. आणि आता, इतक्या वर्षांनी, त्यांना निळ्या तबकडीची लाज वाटू लागली. ते पालघरला आले आणि बाबांसमोर घड्याळ ठेवून म्हणाले, "भाऊ, तुमीच बरोबर होता. जसं होतं तसं करून द्या."

बाबा त्या रविवारी माझी वाटच बघत होते. मी तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन दारात पाऊल टाकलं, तर जेवणाच्या टेबलावर माझा कॉलेजचा जुना ड्रॉइंग बोर्ड मांडून ठेवलेला.

"मुंबईला एक जण आहे," ते म्हणाले, "आपण मोठं चित्र दिलं तर तो त्याचा फोटो लहान करून तबकडीवर छापून देतो. दहापट मोठं काढायचं. तुला एका दुपारचं काम."

एका दुपारचं. मी त्या वाक्यावर विश्वास ठेवला, ही माझी चूक.

जुनी तबकडी पुसून तिच्यावरच निळा रंग चढवलेला, फोटो नव्हता. होती फक्त बाबांची आठवण. ते माझ्या खांद्यामागे उभे राहून सांगायचे आणि मी काढायची. बाराच्या आकड्यातला एक जरा झुकलेला होता. नाही, इतका नाही. सेकंदाचं वर्तुळ अजून दोन केस वर. रेघांची टोकं चौकोनी नव्हती, निमुळती होती. मी खरवडायची, पुन्हा काढायची. कागद जागोजाग पातळ झाला की नवा घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. तिसऱ्या रविवारी मी चिडून कोपऱ्यात चौकट आखली आणि रिव्हिजन 'डी' असं लिहिलं. बाबांना ते आवडलं. त्यांना त्यातला टोमणा कळलाच नाही.

मग ते चारच्या रेघेवर आले.

"ही थोडी लांब होती."

"म्हणजे?"

"बाकीच्यांपेक्षा. तुझ्या चित्रात दीड मिलिमीटर जास्त घे."

"बाबा, ही स्विस कंपनी आहे. तिथे दहा रेघा एकसारख्या येतात. एक लांब आली तर ते तबकडी फेकून देतील."

"मी अठरा वर्षं बघितलीय ती."

"अठरा वर्षं तुमच्या भिंगाला ओरखडा असेल."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी सगळ्या रेघा सारख्या काढायची, ते बोट ठेवायचे: ही लांब. मी म्हणायची, मी चुकीचं चित्र काढणार नाही, माझं ते कामच आहे. माझा नवरा एकदा म्हणाला, "अगं, दीड मिलिमीटरच तर आहे, देऊन टाक." पण ऑफिसात आठवडाभर साहेबांच्या बिनबुडाच्या दुरुस्त्या मुकाट्यानं करायच्या आणि सुट्टीच्या दिवशी इथे येऊन पुन्हा तेच करायचं, हे मला जमेना. मुलगी तोवर पायाशी शाईचे हात भिंतीला पुसत असायची आणि आई तिच्या मागे फडकं घेऊन धावायची.

त्यात एकदा शेठ चित्र बघायला आले. खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि म्हणाले, "यात तीन आणि नऊचे आकडे कुठं गेले?"

"नव्हतेच," बाबा म्हणाले.

"होते. माज्या बापाच्या हातावर मी पोरगा असल्यापासून बघितलंय. तीन होता, नऊ होता."

"शेठ, फक्त बारा होता."

"भाऊ, घड्याळ माजं हाय ना?"

दोघेही साठीच्या घरातले. दोघांनीही देवाची शपथ घेतली. मी शाईची बाटली बंद केली आणि विचारलं, "शेठ, तुमच्या वडिलांचा एखादा फोटो नाही का, हातात घड्याळ असलेला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गिरणीत हाय की. मोठा."

पुढच्या रविवारी मी आणि बाबा सफाळ्याला शेठच्या गिरणीत गेलो. कचेरीत गल्ल्यावर एक मोठी तसबीर होती. स्टुडिओत काढलेली. शेठचे वडील खुर्चीवर ताठ बसलेले, डावा हात मुद्दाम गुडघ्यावर ठेवलेला, मनगट कॅमेऱ्याकडे वळवलेलं. नवं घड्याळ सगळ्यांना दिसावं म्हणूनच फोटो काढला असावा. शेठनी तसबीर उतरवली, भुशाची धूळ पुसली, दाराच्या उजेडात धरली. बाबांनी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ ते वाकून बघत राहिले. मग भिंग शेठना दिलं. शेठनी बघितलं आणि ते हसायलाच लागले. मग मी बघितलं.

तबकडी काळी होती. वर एक ते बारा सगळे आकडे होते, पांढरे, ठसठशीत.

"म्हंजे माजी निळी बरोबर होती," शेठ म्हणाले. "बघा भाऊ, इतकी वर्षं मला शिव्या घातल्या."

म्हणजे सायीच्या रंगाची ती तबकडी अस्सल नव्हतीच. शेठच्या वडिलांनीही केव्हातरी, तेव्हाची फॅशन बघून, काळी पुसून पिवळसर करून घेतली होती. बापालाही तीच खाज. मी हातातलं भिंग बाबांच्या पुढे धरलं. माझ्या डोळ्यांसमोर दहा रविवार येत होते.

शेठ उत्साहानं म्हणाले, "मग आता काळीच करू. बाय, तू काढशील ना?"

"नाही," मी म्हटलं.

"काय?"

"मी आता एकही नवं चित्र काढणार नाही. लग्नाला बारा दिवस आहेत. एक चित्र तयार आहे. ते छापायचं तर छापा, नाहीतर निळी राहू द्या. नाहीतर मुंबईहून कोणाकडून तरी करून आणा, तुम्हाला पत्ता माहीत आहे."

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. वडीलधाऱ्या माणसाशी तर नव्हतेच. शेठ एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघत राहिले. मग तसबीर पुन्हा खिळ्याला लावत म्हणाले, "बरं बाबा. हाय तेच करा. जावई काय काळी आणि पांढरी बघणारेत काय."

परतीच्या वाटेवर बाबा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, त्यांचं काहीतरी मोडलं आहे, आणि मला त्यांची दया येऊ लागली, ज्याचा मला आणखी राग आला. पालघरला उतरून आम्ही दुकानाशी आलो. त्यांनी कुलूप उघडलं, मला स्टुलावर बसवलं. सुटी काढलेली निळी तबकडी एका डबीत होती. ती त्यांनी उलटी करून माझ्या हातात दिली आणि भिंग पुढे केलं.

मागच्या पितळेवर खरवडलेल्या दोन खुणा होत्या. एक ओबडधोबड आकडा. दुसरी बारीक, नीट काढलेली: अर्धा चंद्र आणि खाली दोन ठिपके.

"तबकडी रंगवणारा मागे आपली खूण करतो," बाबा म्हणाले. "आकडा त्या निळीवाल्याचा. चंद्र माझ्या उस्तादांचा."

मला कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षी उघडलं तेव्हाच."

"ती अस्सल नाही हे माहीत होतं?"

"काळी होती हे नव्हतं माहीत. रंगवलेली आहे एवढं माहीत होतं. ते हातानं रंगवायचे, एका केसाचा ब्रश घेऊन. शेवटी शेवटी त्यांचा उजवा डोळा अधू झाला होता. डावीकडच्या रेघा नीट यायच्या, उजवीकडे खाली एखादी सरकायची. चारची सरकली. त्यांना दिसलं नसेल."

"मग हे शेठना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी पुसून टाकली असती. म्हणाले असते, दुरुस्तीचाच माल आहे, मग नवी दुरुस्ती करू."

"त्यांनी तरीही पुसलीच."

"हो," बाबा म्हणाले.

"आणि मला का नाही सांगितलंत? माझ्याशी अडीच महिने भांडलात. एका वाक्यात सांगून झालं असतं."

ते डबीचं झाकण लावत होते. "तू सारखी कंपनी, कंपनी म्हणत होतीस. मला वाटलं, चुकीची रेघ आहे म्हटलं की तू सरळच करशील."

मला रडू आलं आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी माणसानं इतकं मौन का धरावं? आई म्हणते, आमच्या घरातल्या पुरुषांना बोलण्याऐवजी खूण करायची सवय आहे. तीही अशी की पाठीमागे, कोणी उघडून बघेपर्यंत दिसू नये.

घरी जाऊन मी बोर्ड काढला. चित्र शेवटच्या रिव्हिजनचं होतं, दहाही रेघा एकसारख्या, माझ्या कामाला शोभतील अशा. मी चारच्या रेघेचं टोक ब्लेडनं हलकेच खरवडलं, नखानं कागद घोटला, पेन भरलं आणि रेघ दीड मिलिमीटर वाढवली. बाबा मागे उभे होते. मी म्हटलं, "पुरे?"

"किंचित खाली झुकव."

"बाबा."

"बरं, राहू दे."

मी झुकवली.

मुंबईच्या माणसानं तबकडी वेळेत छापून दिली. छापण्याआधी त्यानं निरोप पाठवला की चित्रात एक रेघ चुकली आहे, सरळ करू का. बाबांनी स्वतः जाऊन त्याला तसंच छापायला लावलं. जुन्यासारखे काटे मिळायला आणखी चार दिवस गेले. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी घड्याळ सफाळ्याला पोचलं. जावयानं ते मांडवात हातात बांधलं, दोन वेळा कानाला लावलं आणि बाबांना वाकून नमस्कार केला. शेठ पाहुण्यांना सांगत होते की हे स्वित्झर्लंडहून आलं तसंच्या तसं आहे, पन्नास वर्षांत त्याला कोणी हात लावला नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जिलबी घेत राहिले.

नव्वदनंतर दुकानात सेलची घड्याळं येऊ लागली. बाबा दिवसभर मागची झाकणं उघडून सेल बदलत बसायचे. जावई मात्र दर वर्षी तारापूरहून सोन्याचं घड्याळ घेऊन यायचा, आणि त्या दिवशी डबा उशिरा जायचा. त्यानं तबकडीबद्दल कधी काही विचारलं नाही. चारची रेघ लांब आहे हे त्याला दिसलं होतं का, मला माहीत नाही. इंजिनिअर होता, दिसलं असावं.

एका दुपारी शेठ माझ्या बोईसरच्या घरी आले. केस पांढरे, हातात काठी. पिशवीतून त्यांनी एका इंग्रजी मासिकाचं पान काढलं. कोणीतरी परदेशातून आणलेलं. त्याच कंपनीची जाहिरात होती. कंपनीनं आपलं जुनं घड्याळ पुन्हा बाजारात आणलं होतं, पहिल्यासारखंच. काळी तबकडी, एक ते बारा पांढरे आकडे, चार पायांचा तोच बाक. मी निरखून बघितलं. घड्याळ थोडं मोठं केलं होतं, आणि मागे काच बसवली होती.

"बघ बाय," शेठ म्हणाले, "कंपनीसुद्धा परत काळ्यावर आली. आता आपलंबी काळं करू. भाऊंचा हात थरथरतो म्हणतात, पण चित्र तर तू काढतेस ना?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवला. मुलगी आता दहावीत होती. ती आतून डोकावून गेली.

"शेठ," मी म्हटलं, "ते घड्याळ तुमचं नाही आता. तुमच्या जावयाचं आहे. त्याला विचारलंत का?"

शेठनी पानाची घडी घातली, पुन्हा उघडली.

"विचारलं," म्हणाले. "तो नाय म्हणतो."

"का?"

"म्हणतो, मला असंच दिसायला आवडतं." ते कपाळाला आठ्या घालून चहाची वाट बघत बसले. "काय जावई मिळालाय बघ. नवं काय करूच देत नाय."